सीमा पुसली, वाट उरली

ठाणे शहराच्या पश्चिमेला उपवन तलाव मागे टाकला की येऊरचा चढ सुरू होतो. पहाटेच्या वेळी या चढावर आता धावणाऱ्यांची वर्दळ असते. कुणी नोकरीवर जाण्याआधी घाम गाळून घेतो, कुणी मॅरेथॉनची तयारी करतो, कुणी डॉक्टरांनी दटावले म्हणून आलेला असतो. पावसाळा सरला की रस्त्याच्या दोहो बाजूंना कुडा, ऐन, साग, बांबू यांची दाटी होते, मातीला ओला वास असतो आणि ओढ्यांचे पाणी अजून वाहत असते. चढ संपल्यावर दम खाण्यासाठी क्षणभर थांबून पूर्वेकडे वळून पाहावे. खाली ठाणे शहर, त्यापलीकडे खाडीची चकाकणारी रेघ आणि तिच्यामागे पारसिकचा डोंगर दिसतो. त्या डोंगराआड मुंब्रा, दिवा, डोंबिवली आणि कल्याण आहे.

ही पाण्याची रेघ एके काळी दोन राज्यांची सरहद्द होती, हे तिथे थांबणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आज ठाण्याहून कल्याणला जाणारी गाडी ती खाडी काही क्षणांत ओलांडते आणि डब्यातला माणूस वर्तमानपत्रातून मानही वर करीत नाही. परंतु १५३४ पासून पुढे सुमारे दोनशे वर्षे, आणि १७७४ नंतर पुन्हा त्रेचाळीस वर्षे, या पाण्याच्या अल्याड एक सत्ता होती आणि पल्याड दुसरी. अल्याडचा कायदा पल्याड चालत नसे. अल्याडचा गुन्हेगार पल्याड पाहुणा ठरे. म्हणून या खाडीच्या आणि डोंगरांच्या वाटांवर माणसे धावली. व्यायामासाठी नव्हे, जीव, धर्म किंवा पोट वाचवण्यासाठी.

इतिहासाची पुस्तके किल्ल्यांविषयी पुष्कळ सांगतात. ठाण्याचा किल्ला, घोडबंदर, कल्याणचा दुर्गाडी, वसई ही नावे आपल्या मुलांनाही पाठ असतात. प्रस्तुत लेखात किल्ल्यांपेक्षा वाटांकडे आणि त्या वाटांवरून गेलेल्या माणसांकडे पाहण्याचा विचार आहे. कारण आपल्या समाजाचा इतिहास तटबंदीच्या आत जितका घडला, त्याहून अधिक तो या वाटांच्या कडेला घडला.

सरहद्दीपूर्वीची वाट

साष्टी बेटाच्या मधोमध डोंगरांचा एक कणा उभा आहे. येऊर, तुळशी, कान्हेरी ही त्याचीच ठिकाणे. आज त्याचा बराचसा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. या कण्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदीचे मुख आणि वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. उल्हासच्या काठाने वर गेले की कल्याण लागते. घाटावरून उतरणारा माल कल्याणला येई आणि तिथून खाडीने समुद्राला मिळे. ठाणे आणि कल्याण ही एकाच जलमार्गावरची दोन बंदरे होती. त्यांच्यामध्ये सरहद्द पडावी असे निसर्गाने काही ठरवलेले नव्हते.

ख्रिस्ती श्रद्धेचा या परिसराशी असलेला संबंध पोर्तुगीजांहून पुष्कळ जुना आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवासी व्यापाऱ्याने भारताच्या किनाऱ्यावरील ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असल्याचे आणि त्यांचा बिशप पर्शियाहून नेमला जात असल्याचे नोंदवून ठेवले. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण असे अनेक अभ्यासक मानतात. १९८८ मध्ये सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा या जुन्या नोंदीची आठवण अनेकांना झाली.

पुढे १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात आले : तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. त्यांच्यासोबत जॉर्डन हे डॉमिनिकन धर्मगुरू होते. ठाण्यावर तेव्हा दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. गावात नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती असे ओडोरिक या समकालीन प्रवाशाने लिहिले आहे. जॉर्डन भडोचच्या वाटेला लागले आणि मागे राहिलेल्या चौघांना एप्रिल महिन्यात मृत्युदंड देण्यात आला. बातमी कानी येताच जॉर्डन पुढे गेले नाहीत. ते परत फिरले, आणि आपल्या सोबत्यांचे देह त्यांनी सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे काही वर्षांनी ओडोरिकने त्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. संकटाची वार्ता ऐकून पुढे पळून जाणे सोपे होते. जॉर्डन मागे वळले. या परिसराच्या वाटांवर नोंदली गेलेली ही पहिली ख्रिस्ती पावले होत, आणि ती परतीची आहेत.

याच ओडोरिकने ठाण्याच्या आसपास काळे सिंह पुष्कळ असल्याचे आणि उंदीर कुत्र्याएवढे असल्याचे लिहून ठेवले आहे. घुशींना तो उंदीर म्हणाला असावा, आणि सिंह म्हणजे बहुधा वाघ-बिबटे. अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट खरी ठरते. राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या भोवती आजही पन्नासच्या आसपास बिबटे असल्याचे अलीकडच्या गणनांतून दिसते. येऊरच्या वाटेवर पहाटे धावणारा माणूस सातशे वर्षांपूर्वीच्या त्याच रानात धावत असतो.

फिरंगाण आणि कल्याण

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहाने वसई, साष्टी आणि मुंबई पोर्तुगीजांच्या हवाली केली. ठाणे ‘फिरंगाणा’त गेले. कल्याण मात्र कधी निजामशाहीकडे, कधी आदिलशाहीकडे, कधी मोगलांकडे राहिले. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि खाडीच्या पल्याड स्वराज्याची चौकी आली. ही सरहद्द आजच्यासारखी तारेच्या कुंपणाची नव्हती. पोर्तुगीजांचा पाय मधूनमधून खाडी ओलांडून पारसिक-बेलापूरच्या बाजूलाही पडे. पण सर्वसामान्य माणसाच्या लेखी खाडी हीच हद्द होती.

पहिली धाव सांगावीशी वाटते ती कारागिरांची. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमार बांधण्यास आरंभ केला, तेव्हा जहाजबांधणीचे नवे तंत्र जाणणारी माणसे त्यांना हवी होती. ती खाडीच्या अल्याडच मिळण्यासारखी होती. रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज गृहस्थाच्या देखरेखीखाली अनेक पोर्तुगीज आणि ख्रिस्ती कारागीर कल्याणला कामाला गेले. १६५९ च्या सुमारास वसईच्या अधिकाऱ्यांना धास्ती वाटू लागली. शेजाऱ्याचे आरमार आपल्याच माणसांच्या हातून उभे राहावे हे त्यांना कसे रुचणार? त्यांनी निरोप धाडले, आणि ही माणसे एके दिवशी काम टाकून निघून गेली. जाताना त्यांच्या मनात काय असेल याची नोंद कोणी ठेवलेली नाही. एका बाजूला धनी, दुसऱ्या बाजूला धर्मबांधव. हातातले काम अर्धे राहिले होते, पण आरमार राहिले नाही. इथल्या सुतारांनी आणि कोळी-भंडाऱ्यांनी ते पुरे केले. कल्याणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराचा पाया घातला गेला त्यात काही ख्रिस्ती हातही होते, ही गोष्ट आपण विसरू नये.

दुसरी धाव सांगताना मान खाली घालावी लागते. फिरंगाणात देवळे पाडली गेली, उघड पूजाअर्चेला बंदी आली. पोरक्या हिंदू मुलांना धर्मसंस्थांच्या ताब्यात देण्याचे फर्मान १५५९ मध्ये निघाले, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. त्याची छाया वसई-साष्टीवरही पडली. अशा काळात कित्येक कुटुंबे देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधून खाडी ओलांडून गेली. कोणत्या रात्री, कोणत्या उताराने, किती जण, याची गणती नाही. पण पल्याडच्या गावांत त्यांच्या आठवणी राहिल्या. अणजूरच्या गंगाजी नाईकांनी फिरंगाणातील रयतेची गाऱ्हाणी पेशव्यांच्या कानी घालण्यासाठी वर्षानुवर्षे खेपा घातल्या, त्यामागे हीच वेदना होती. अणजूरकर नाईक घराण्याची ही हकिकत साष्टीच्या बखरीत वाचावयास मिळते. आपल्या पूर्वजांना ज्या काळात बाप्तिस्मा मिळाला, त्याच काळात त्यांच्या शेजाऱ्यांना गाव सोडावे लागले. काही ठिकाणी तर एकाच घरातला एक भाऊ अल्याड राहिला आणि दुसरा पल्याड गेला असला पाहिजे. आपल्या आणि त्यांच्या बोलीत, लग्नगीतांत, हळदीच्या रीतीत आजही जे साम्य आढळते ते उगीच नाही.

डोंगराच्या आतली एक हकिकतही येथे सांगितली पाहिजे. आंतोनियु दो पोर्तु हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू सोळाव्या शतकात साष्टीत होते. मंडपेश्वर आणि कान्हेरी येथील लेणी त्यांनी पाहिली, आणि तेथील काही लेण्यांची चर्चमंदिरे केली. कान्हेरीच्या एका भुयाराचा शेवट शोधण्यासाठी ते सोबती, शस्त्रधारी माणसे आणि शिधा घेऊन आत शिरले आणि सात दिवस चालूनही शेवट न सापडल्याने परतले, अशी कथा दियोगु दो कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. सात दिवसांचे भुयार खरे मानण्याचे कारण नाही. पण कथेतून एक गोष्ट उमगते. फिरंग्यांनी किनारा जिंकला, तहनामे लिहून घेतले, तरी या डोंगराचा थांग त्यांना कधी लागला नाही. डोंगराच्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या होत्या, त्या वारली, कातकरी आणि महादेव कोळ्यांची नावे मात्र तहनाम्यात कुठेच नव्हती.

जे धावले नाहीत

१७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मराठी फौजांनी खाडी ओलांडली. ठाण्याचा किल्ला तेव्हा बांधून पुरा झालेला नव्हता. तो मराठ्यांच्या हाती आला. घोडबंदरही गेले. दोन वर्षांच्या झुंजीनंतर मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज सरदार, अंमलदार, निरनिराळ्या संघांचे युरोपीय धर्मगुरू जहाजांत बसून निघून गेले. दोनशे वर्षांची सरहद्द त्या उन्हाळ्यात पुसली गेली.

वाचकहो, आपल्या समाजाच्या इतिहासातला खरा प्रश्न येथे उभा राहतो. ज्यांच्या आश्रयाने आपण ख्रिस्ती झालो, ते गेले. ज्यांच्या आप्तांना त्यांनी पिटाळले होते, ते विजयी होऊन परत आले. अशा वेळी साष्टीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने, कोळ्याने, ताडी काढणाऱ्याने काय करावयाचे? पळण्याची वाट होती. माहीमच्या खाडीपलीकडे इंग्रजांची मुंबई होती, दक्षिणेला गोवा होता.

बहुसंख्य लोक कुठेही गेले नाहीत. भाताची खाचरे, मिठागरे, होड्या आणि पूर्वजांच्या थडग्यांवरचे क्रूस टाकून जाण्याची त्यांची तयारी नव्हती. वसईच्या तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली होती. युरोपीय धर्मगुरू गेल्यानंतर एतद्देशीय धर्मगुरूंनी गावोगाव फिरून मिस्सा, बाप्तिस्मे आणि विवाह चालू ठेवले. कित्येक चर्चमंदिरांची छपरे कोसळली, भिंतींवर वड-पिंपळ उगवले. घरात मात्र आजीने नातवाला शिकवलेली मराठी प्रार्थना चालू राहिली. पोर्तुगीज राजसत्तेचे कवच गळून पडले, तरी श्रद्धा टिकली. ती जर केवळ राज्यकर्त्यांच्या धाकाने आली असती, तर धाक गेल्याबरोबर तीही गेली असती.

संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला धावेची उपमा दिली आहे. १७३९ च्या साष्टीत मात्र आपल्या पूर्वजांची कसोटी न धावण्यात होती. शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याच गावात, त्याच विहिरीवर राहण्यात होती. आणि शेजाऱ्याचेही ऋण मान्य केले पाहिजे. सूड घेण्याची संधी हाती असताना खेड्यापाड्यांतील सामान्य माणसांनी तो घेतला नाही. ख्रिस्ती पाखाडी आणि हिंदू आळी शेजारीशेजारी नांदत राहिल्या. आपण आज ठाण्यात जे आहोत, ते या दुहेरी संयमामुळे आहोत.

त्र्यंबकजींची रात्र

सरहद्द पुसली गेली ती कायमची नव्हे. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. कल्याण पेशव्यांकडे राहिले. तीच खाडी पुन्हा हद्द झाली, फक्त अल्याडचा धनी बदलला.

या दुसऱ्या सरहद्दीवरची सर्वांत प्रसिद्ध धाव त्र्यंबकजी डेंगळे यांची. दुसऱ्या बाजीरावाचे हे कारभारी. १८१५ मध्ये पंढरपूर येथे गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, आणि त्याचा आळ त्र्यंबकजींवर आला. इंग्रजांनी त्यांना पेशव्यांकडून मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. कोणी फितूर होऊ नये म्हणून पहाऱ्यावर सारे गोरे शिपाई नेमले होते. तीच चूक ठरली. एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मराठी मोतद्दार खिडकीखाली घोडा फिरवताना गाणे गुणगुणत असे. पहारेकऱ्यांना ते गाणे वाटे. कैद्याला त्यातून निरोप मिळे की घोडे कुठे आहेत, सोबती कुठे दबा धरून आहेत. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी भिंतीतल्या भगदाडातून बाहेर पडले, खाडीपार झाले आणि पेशव्यांच्या मुलखात नाहीसे झाले. हद्द ओलांडताच इंग्रजांचा हुकूम लंगडा पडला. त्यांना शोधण्यासाठी पुण्याच्या दरबाराशी कागद रंगवावे लागले.

या सुटकेने इंग्रज चिडले. १८१७ च्या जून महिन्यात पुण्याच्या तहाने त्यांनी बाजीरावाकडून उत्तर कोकण लिहून घेतले. कल्याणही गेले. सरहद्द दुसऱ्यांदा आणि शेवटची पुसली गेली. सरहद्दीचा आडोसा घेऊन पळालेल्या माणसामुळे ती सरहद्दच नाहीशी होण्याची वेळ लवकर आली, असे म्हणता येईल. त्र्यंबकजी १८१८ मध्ये नाशिक भागात अहिरगाव येथे पकडले गेले आणि त्यांची रवानगी गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात झाली. तिथेच १८२९ मध्ये त्यांचा अंत झाला. कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप हेबर यांनी त्यांना चुनारला पाहिले होते, आणि मोतद्दाराच्या गाण्याची हकिकत त्यांच्या प्रवासवर्णनामुळेच सर्वदूर पोहोचली. हेच हेबर पुढे १८२५ मध्ये साष्टीत आले आणि त्यांनी कान्हेरीची लेणीही पाहिली. ज्या किल्ल्यातून त्र्यंबकजी निसटले, तेथे आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

लोखंडी वाट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली हे सर्वांना माहीत आहे. त्यानंतरची तारीख मात्र कुणाच्या ध्यानात नसते. १ मे १८५४ रोजी ती गाडी खाडीवरचा पूल ओलांडून आणि पारसिकच्या डोंगरातील बोगदे पार करून कल्याणला पोहोचली. तीनशे वर्षे ज्या पाण्याने आणि ज्या डोंगराने माणसे अडवली, त्यांच्यातून लोखंडी वाट गेली. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा सुमारे सव्वा किलोमीटरचा मोठा बोगदा खुला झाला. डोंबिवली हे एक लहानसे खेडे होते. या वाटेने ते वाढून शहर झाले. आज तेथील कित्येक ख्रिस्ती कुटुंबे मुंबई-साष्टीतील जागा अपुरी पडल्याने खाडी ओलांडून स्थायिक झालेली आहेत. पूर्वी पळणारे ज्या दिशेने जात, त्याच दिशेने आता घर घेणारे गेले.

पोर्तुगीज सरहद्द मात्र जुन्या ठाणे जिल्ह्याला आणखी शतकभर चिकटून होती. १७८० च्या दशकात मराठ्यांनी तहान्वये पोर्तुगीजांना दिलेले दादरा व नगरहवेली हे टापू जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी होते. तेथेही डोंगर, साग आणि वारली पाडे. सरहद्द नकाशावर होती. वारली माणूस लग्नाला, बाजाराला आणि मजुरीला ती रोज ओलांडीत असे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी या रानवाटांनी जाऊन ते टापू मुक्त केले. त्या तुकड्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके होते. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले, आणि या प्रदेशातील अखेरची परकीय सरहद्द इतिहासजमा झाली. तो उत्तरेकडील भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

आजची वाट

आता पुन्हा येऊरच्या चढावर येऊ. येथे धावणारा माणूस या साऱ्यांहून भाग्यवान आहे. त्याच्या मागे शिपाई नाहीत, पुढे चौकी नाही. दम लागला तर तो थांबू शकतो. मनात आले तर परत फिरू शकतो. या वाटांच्या इतिहासात इतकी निर्धास्त धाव कुणाच्या वाट्याला आली नव्हती. त्याने हे भाग्य ओळखले पाहिजे, आणि त्याबरोबर येणारी जबाबदारीही.

पहिली जबाबदारी वाटेच्या धन्यांविषयीची. येऊरचे पाडे आदिवासींचे आहेत. पोर्तुगीज, पेशवे, इंग्रज आले आणि गेले. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई प्रत्येक राजवटीत याच वाटेने उतरली. तिच्यासाठी ती व्यायामाची जागा नव्हे, बाजाराची वाट आहे. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिल्यापासून उद्यानाच्या आतल्या वस्त्यांचे काय, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. रानाचे रक्षण झालेच पाहिजे. पण ज्यांनी रानाला नावे दिली त्यांनाच उपरे ठरवून ते होऊ नये. सरहद्द आखणाऱ्यांनी त्यांना विचारले नव्हते. निदान कुंपण घालणाऱ्यांनी विचारावे.

दुसरी जबाबदारी रानाविषयीची. वनखात्याने ठरवलेल्या वेळा आणि हद्दी पाळणे, अंधारात एकट्याने न धावणे, कागद-बाटल्या न टाकणे, गाणी मोठ्याने न लावणे, या साध्या गोष्टी आहेत. बिबट्याच्या घरातून आपण चाललो आहोत एवढे भान पुरे. काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलणारी कारवी डोंगरउतारावर जांभळी होते तेव्हा तिच्यात शिरून छायाचित्रे काढणारे तिचे बी पायाखाली चिरडतात, हेही सांगितले पाहिजे.

या डोंगराखालून ठाणे ते बोरिवली असा जुळा बोगदा होत आहे. ११.८ किलोमीटरच्या या मार्गाचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. आंतोनियु दो पोर्तु यांना सात दिवस चालूनही जो डोंगर आरपार करता आला नाही, तो काही मिनिटांत पार होईल. त्याला विरोध करण्यासाठी हे लिहिलेले नाही. ठाणेकराला घोडबंदर रस्त्यावर रोज किती वेळ अडकून पडावे लागते हे ज्याचे त्यालाच माहीत. पण पारसिकच्या बोगद्याने जसा खाडीचा विसर पाडला, तसा या बोगद्याने डोंगराचा विसर पडू नये. वाट पायाखालून गेली की तिच्या कडेची नावेही जातात. कोणत्या ओढ्याला काय म्हणत, कोणत्या वळणावर क्रूस होता, कोणत्या उताराने होडीकडे जात, हे सांगणारी माणसे आपल्या पाखाड्यांत आणि त्यांच्या पाड्यांत अजून आहेत. ती वयोवृद्ध आहेत.

म्हणून धर्मग्रामातील तरुणांना एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर येऊरला किंवा पारसिकच्या वाटेला जाल, तेव्हा आपल्या आजोबांना विचारून जा. आपले घराणे कोणत्या गावचे, १७३९ नंतर ते कुठे राहिले, खाडीपलीकडे आपले कोणी होते का, हे विचारा. त्यांना सारे आठवणार नाही. जे आठवेल ते लिहून ठेवा. मग डोंगरावर जा आणि त्या पाण्याच्या रेघेकडे पाहा. तिथून जीव मुठीत धरून गेलेले लोक होते, आणि कुठेही न जाता इथेच राहिलेलेही होते. आपण त्या राहिलेल्यांचे वारस आहोत, आणि गेलेल्यांचे शेजारी.